रातांधळेपणा घरात फिरतो तेव्हा

संध्याकाळची वंदना आटोपून लोक विहारातून बाहेर पडतात आणि एखादा मुलगा पायरीवर हमखास अडखळतो. दिवसा तो चेंडू झेलतो, फळ्यावरचं वाचतो. अंधार पडला की आईचा हात सोडत नाही. कर्जत-खालापूरच्या वस्त्यांत अशा मुलाला ‘धांदरट’ म्हणून घरचे मोकळे होतात. आम्ही म्हणतो, आधी डॉक्टरांना डोळे दाखवा.

रातांधळेपणाचं एक ओळखीचं कारण ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता. अंगणवाडीतल्या मुलांना पाच वर्षांपर्यंत डोस देतात तो त्यासाठीच. डोस देऊनही अंधारात दिसत नसेल, तर दुखणं वेगळं असू शकतं : रेटिनायटिस पिगमेंटोसा. यात डोळ्याच्या पडद्यातल्या मंद उजेडात पाहणाऱ्या पेशी आधी मरतात. मग बाजूचं दिसेनासं होतं, नळीतून पाहावं तसं फक्त समोरचं उरतं.

हा बिघाड जनुकातला, आणि ८० हून अधिक जनुकांपैकी कशातही असू शकतो. म्हणून एकाची नजर तिशीत जाते, दुसरा साठीतही पेपर वाचतो. पेशीला लागणारं प्रथिन अजिबात तयार होत नसेल तर आजार सहसा लवकर आणि जोरात येतो. थोडंफार होत असेल तर सावकाश. मामाच्या मुलीशी लग्न झालं असेल तर एकच लपलेला बिघाड दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. काही घरांत तो आईच्या एक्स गुणसूत्रावरून येतो. मुलाकडे दुसरं एक्स नसतं, त्यामुळे त्याला लहानपणीच गाठतो. आईला बहुधा फारसा त्रास नसतो. यावरून सुनेला बोल लावणारे आपल्यातही आहेत, हे लिहिताना लाज वाटते. तिला तो तिच्या वडिलांकडूनही आलेला असेल, दोष कुणाचा?

आधी कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. पुढे पाठवलं तर लोकलने भायखळ्याला उतरून जे. जे. रुग्णालय. भावंडांनाही न्या. आरपीई६५ या एकाच जनुकासाठीचं औषध २०१७ साली अमेरिकेत मंजूर झालं. किंमत दोन डोळ्यांचे साडेआठ लाख डॉलर. बाकीच्यांसाठी अजून तसं औषध नाही, त्यामुळे ‘नजर परत आणणाऱ्या’ थेंबांवर मजुरीचे पैसे घालवू नका. मात्र याच रुग्णांना होणारा मोतीबिंदू काढता येतो.

दाखल्याच्या वेळी अक्षरं वाचता आली म्हणून परत फिरू नका. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ४० अंशांहून कमी दृष्टिक्षेत्र हीसुद्धा अल्पदृष्टीच आहे. ‘बाजूचं किती दिसतं, तेही तपासा,’ असं स्पष्ट सांगा.