झिगोंगचे तिखट गोमांस

सिचुआन प्रांताच्या दक्षिणेकडील झिगोंग हे शहर शतकानुशतके मिठावर जगले. समुद्रापासून शेकडो कोस आत असलेल्या त्या मुलखात भूगर्भातील खारे पाणी वर आणण्यासाठी बांबू आणि लोखंडी पहार यांच्या बळावर जे खोल छेद घेतले जात, त्यांपैकी शेनहाई या विहिरीने १८३५ साली एक हजार मीटरांची मर्यादा ओलांडली आणि जगात इतकी खोल जाणारी ती पहिलीच विहीर ठरली. खाऱ्या पाण्याने भरलेली लांबच लांब नळकांडी वर ओढणारे अजस्र रहाट बैल आणि रेडे फिरवीत. जनावर थकले की त्याची रवानगी खाटकाकडे होई, आणि मिठाच्या कामावरील मजुरांच्या वाट्याला ते स्वस्त, चिवट मांस येई. मीठ, मिरच्या आणि हुआजियाओ ही मसाल्याची सुगंधी फळे घालून ते पाण्यात शिजविण्याच्या मजुरांच्या रीतीतून ‘शुईझू निऊरौ’ हा पदार्थ जन्मास आला, असे परंपरा सांगते.

पुढे उपाहारगृहांतील आचाऱ्यांनी त्यास जे रूप दिले त्यात दारिद्र्याची खूण फारशी उरलेली नाही. मांसाचे तंतू आडवे छेदून पातळ काप करावयाचे, त्यांस पिठूळ सत्त्वाचा लेप द्यावयाचा, बाकल्याचे दाणे आणि लाल मिरच्या आंबवून केलेल्या पीशियनच्या चटणीच्या रश्शात ते एकेक सोडून मिनिटभरातच आवरते घ्यावयाचे, आणि लसणीची कोवळी पात व सेलरी यांच्या थरावर ओतावयाचे. खरे कौशल्य यानंतरचे. भाजून सुरीने बारीक केलेल्या मिरच्या आणि हुआजियाओ वर पसरून त्यांवर कडकडीत तेलाची धार धरली, की जो चर्रर आवाज उठतो आणि जो गंध दालनभर पसरतो, त्यावाचून हा पदार्थ म्हणजे निव्वळ तिखट रस्सा होय.

हे हुआजियाओ आपल्या कोकणातील तिरफळाचे भाऊबंद. दोहोंतही कडसर काळी बी टाकून सुगंधी साल तेवढी घ्यावयाची असते, आणि दोहोंनी ओठांस मुंग्या येतात; लंडनमधील संशोधकांनी २०१३ साली मोजून पाहिले, तेव्हा हुआजियाओचे ते स्पंदन सेकंदास सुमारे पन्नास भरले. परंतु १९६८ साली अमेरिकेच्या कृषिखात्याने त्याच्या आयातीस मनाई केली. हे झाड लिंबाच्याच कुळातले, सबब त्याच्यामार्फत कँकर हा रोग संत्र्या-लिंबांच्या बागांत शिरेल, अशी सरकारास धास्ती होती. हुकमाची अंमलबजावणी दीर्घकाळ ढिली राहिली खरी. तथापि फळे सुमारे ६० अंश तपमानास दहा मिनिटे तापविण्याच्या अटीवर आयातीस मुभा मिळावयास २००५ साल उजाडावे लागले.

म्हणूनच अमेरिकेत अस्सल सिचुआन पाकाचा शोध हा जणू एक छंदच होऊन बसला. चिनी वकिलातीत आचारी असलेला पीटर चँग नोकरी सोडून व्हर्जिनिया, जॉर्जिया, टेनेसी असा गावोगाव स्वयंपाकघरे बदलीत निघाला, तेव्हा त्याच्या रसिकांनी त्याचा माग कसा काढला, याची हकिकत कॅल्विन ट्रिलिन यांनी २०१० साली ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात लिहिली. आता एवढे कष्ट उरलेले नाहीत. न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमध्ये अथवा लॉस एंजेलिसजवळच्या सॅन गॅब्रिएल खोऱ्यात हा पदार्थ सहज मिळतो; २०१३ साली त्याच खोऱ्यातील अलहॅम्ब्रात निघालेल्या ‘चेंगदू टेस्ट’ या उपाहारगृहापुढे तर रांगा लागत.

लहान गावी मात्र पारख स्वतःच करावी लागते, कारण पाटीवर सिचुआन लिहिलेले असूनही आत कँटनी धाटणीचा गोडसर पाक शिजत असणे मुळीच दुर्मीळ नाही. (मुंबईच्या ‘शेजवान’चा विषय येथे काढू नये हेच बरे.) मिरच्यांच्या संख्येवरून निर्णय करू नये, त्या शोभेपुरत्याही असतात. रश्शाचा घोट घेतल्यावर क्षणभराने ओठ थरारले आणि मागाहून घेतलेल्या पाण्यास किंचित आंबट चव आली, तर हुआजियाओ ताजे आहे असे समजावे. दाताखाली वाळूसारखे कचकचले, तर बिया निवडण्याचा आळस झाला आहे. मांसाचे काप बुळबुळीत नसून मृदू असावेत, आणि खालच्या भाज्यांचा करकरीतपणा सुटलेला नसावा. वरचा तेलाचा थर पाहून दचकण्याचे कारण नाही, कारण तो प्यावयाचा नसतोच. चॉपस्टिकने काप उचलून तेल निथळू द्यावयाचे आणि साध्या भाताबरोबर खावयाचे.

न्यू जर्सीतील मराठी मंडळींस फ्लशिंग काही फार दूर नाही. त्यांपैकी ज्यांना गोमांस वर्ज्य आहे त्यांनी याच रश्शातील मासा, म्हणजे ‘शुईझू यू’, मागवावा. तिरफळे घातलेल्या बांगड्याच्या कालवणावर ज्यांची जीभ वाढली, त्यांना तर तोच अधिक मानवण्याचा संभव आहे.