गोवर आणि गाळपाचा हंगाम

पावसाळा सरून हवा कोरडी पडू लागली की बीडकडील हजारो कुटुंबे बैलगाड्यांत आणि ट्रॅक्टरांत संसार घालून पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या मुलखात उतरतात. आणि त्यांचा मुक्काम उठण्यापूर्वीच, हिवाळ्याच्या उत्तरार्धात, आपल्याकडे गोवराचा जोर चढू लागतो. या दोहोंचा संबंध समजून घ्यावा म्हणून डिसेंबरातल्या एका सकाळी मी आरोग्यसेविकेबरोबर ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर गेलो.

पाचटाने शाकारलेल्या त्या कोप्या एकमेकींना इतक्या खेटून होत्या, की एकीतला खोकला दुसरीत स्पष्ट ऐकू येत होता. आईबाप पहाटेच फडात गेलेले, आणि मागे उरलेली सारी लेकरे एकाच अंगणात. गोवराचा विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत तग धरतो, आणि पुरळ उमटण्याच्या चार दिवस आधीपासून मूल तो पसरवीत असते. म्हणजे कानामागे लाली दिसून आई सावध होते तोवर शेजारच्या चार कोप्यांत त्याचा प्रवेश झालेला असतो. शुष्क हवा त्याला मानवते, हे खरे. परंतु ऋतूचा मोठा अंमल माणसांच्या स्थलांतरावर चालतो, असेच मला वाटते. आफ्रिकेतील नायजर देशात पावसाळ्यानंतर शेतकरी शहरांत येतात. ती गर्दी उपग्रहांनी टिपलेल्या रात्रीच्या उजेडावरून जोखणारा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला, आणि उजेडाबरोबर गोवरही चढतो असे त्यात आढळले.

सेविकेने लसीची पेटी सावलीत ठेवली, पण कुपी मात्र उघडली नाही. विरघळवलेली लस चार तासांत संपवावी लागते, आणि मुलांच्या आया तर फडात.

"मुकादम, लेकुरवाळ्या बायांना आधी सोडा."

"ताई, एवढी गाडी भरू द्या, मग धाडतो."

बाया आल्या, तेव्हा कुठे कुपी उघडली. दहा महिन्यांच्या एका मुलीच्या उजव्या दंडात सुई टोचून तिने कार्ड भरले. दुसरी मात्रा सोळाव्या महिन्यानंतर, म्हणजे जून उलटल्यावर, टोळी गावी परतलेली असताना द्यावयाची. म्हणून तिने रजिस्टरात इथल्या वस्तीबरोबर मूळ गाव, तालुका आणि मुकादमाचा फोन नंबरही लिहून घेतला.