लष्करी जीप व ट्रेलर घेताना

शेतमालाच्या वाहतुकीसाठी लष्कराने निकाली काढलेली जुनी जीप व ट्रेलर घ्यायचा असल्यास पुढील बाबी तपासाव्यात.

कागदपत्रे : लष्करी वाहनाला परिवहन कार्यालयाचा क्रमांक नसतो. नोंदणीसाठी लष्करी अधिकाऱ्यांचा नमुना २१ मधील मूळ विक्री दाखला लागतो. ट्रेलरची नोंदणी वेगळी होते. दाखला नसेल तर दुरुस्तीचा खर्च वाया जातो. वाहनाच्या वयाबाबत पनवेलच्या परिवहन कार्यालयात चौकशी करून मगच इसार द्यावा.

चासीस : पनवेलच्या खाऱ्या, दमट हवेत चासीस आतून गंजते. हातोडीने ठोकून पाहावे. पत्र्याचे पापुद्रे सुटल्यास सौदा सोडावा. किरकोळ गंज खरवडून रेड ऑक्साइड लावावे व वर रंग द्यावा.

ट्रेलर : बेअरिंग धुऊन नवे ग्रीस भरावे. जोडाची झिजलेली कडी बदलावी. सुरक्षा साखळी अवश्य लावावी.

भार : दुसऱ्या महायुद्धातील जीपचा पाव टनी ट्रेलर कच्च्या वाटेवर सुमारे २२५ किलोंसाठी, म्हणजे ५० किलोंच्या चार पोत्यांसाठी बनविलेला आहे. त्याला फक्त हातब्रेक असतो. चालत्या गाडीत तो उपयोगी पडत नाही. जादा भार भरल्यास उतारावर ट्रेलर जीपला पुढे ढकलतो व अपघात होतो. म्हणून माल जास्त असल्यास दोन खेपा कराव्यात.