पगारी रजा आणि कापसाचा वेचा

यवतमाळ जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेचं मूल आजारी पडलं, तर तिला बालसंगोपन रजा घेता येते. २०१८ पासून राज्य सरकारने ही रजा संपूर्ण सेवाकाळात १८० दिवस दिली आहे. बाळंतपणाच्या पगारी रजेची मुदतही २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली.

याच जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास कापसाचा वेचा सुरू होतो. वेचणीचं काम मुख्यतः बायकाच करतात. पहाटे उठून स्वयंपाक, धुणं, पाणी. मग कमरेला ओटी बांधून दिवसभर वावरात. मजुरी किलोवर मिळते. त्यामुळे लेकरू तापाने फणफणलं म्हणून घरी थांबलं, की त्या दिवसाची कमाई गेलीच. थकवा, पाठदुखी, पाळीचा त्रास यांनाही रजा नाही. माझ्या मते खरी ओढाताण इथे आहे, आणि कायद्याची सावली इथेच सर्वांत विरळ आहे.

केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची तरतूद आहे. निदान वेच्याच्या दिवसांत तरी आपल्या गावात अशी सोय व्हावी, ही मागणी ग्रामसभेत जरूर मांडा.