कैफियत ऐकण्याआधी

दोन शिरांचं मूल जन्मलं तर त्याचा बाप्तिस्मा एकदा करायचा की दोनदा? जुन्या युरोपाला पडलेले असे पेच फ्रेंच विचारवंत मिशेल फुको १९७५च्या जानेवारीत पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समधल्या व्याख्यानांत उलगडत होते. असा विचित्र देह, म्हणजे राक्षस, ही मुळात कायद्याची कल्पना आहे, असं त्यांनी मांडलं. तो निसर्गाचा नियम मोडतोच, शिवाय त्याच्यापुढे कायद्याचीही बोलती बंद होते. या विचाराला आता अर्धशतक उलटलं.

१९७८मध्ये फुकोंनी कायद्याच्या अशाच पेचात सापडलेल्या एर्क्युलीन बार्बँ यांच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. मुलगी म्हणून वाढलेल्या, मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या बार्बँना १८६०मध्ये फ्रेंच न्यायालयाने पुरुष ठरवलं. आठ वर्षांनी पॅरिसमधल्या एका खोलीत त्यांनी जीव दिला. न्यायालयाच्या दप्तरात निकाल उरला, जगणं मात्र त्या हस्तलिखितात उरलं.

पुढे जेफ्री कोहेन यांनी १९९६मध्ये संपादित केलेल्या ‘मॉन्स्टर थिअरी’ने राक्षसांच्या या अभ्यासाला साहित्यात घर मिळवून दिलं. २०१०मध्ये कायद्याचे अभ्यासक अँड्र्यू शार्प यांनी फुकोंचा धागा पुन्हा न्यायालयात नेला. लिंगबदल केलेली माणसं आणि जोडलेली जुळी यांच्याबद्दलचे इंग्लंडमधले निवाडे त्यांनी तपासले. अठराव्या शतकात इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोन यांनी लिहून ठेवलं होतं, की ज्याला माणसाचा आकार नाही त्याला वारसा नाही. ‘माणूस कोण’ हा प्रश्न कायद्याने तेव्हापासून सोडलेला नाही, हे शार्प वाचताना जाणवत राहतं.

मला मात्र या साऱ्याचं मूळ १८१८च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीत दिसतं. बर्फाळ डोंगरात तो बिननावाचा जीव आपल्या निर्मात्याला गाठतो आणि सांगतो, की माणसांचे कायदे खुन्यालाही आपली बाजू मांडू देतात, मग माझंही ऐक. त्याला दया नंतर हवी आहे, आधी कैफियत मांडायची आहे.

आपल्याकडे १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांना जन्मानेच गुन्हेगार ठरवण्याची वाट खुली केली. त्या वाटेने सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड लेकरं वाढली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, पण शिक्का गेला नाही. मग लक्ष्मण गायकवाडांनी समाजाने मारलेला तोच शिक्का आपल्या आत्मकथनाच्या कपाळावर लावला: ‘उचल्या’. कायद्याने न ऐकलेली कैफियत अशी मराठीत दाखल झाली.