आभासी जग आणि कर्करुग्णाची सोबत

हावड्याकडून येणारी मुंबई मेल रायपूरच्या स्थानकावर थांबते, तेव्हा तीत चढणाऱ्या काही प्रवाशांच्या हाती एक विशिष्ट प्रकारची पिशवी दिसते. तीत कपडे थोडे आणि कागद फार असतात. तपासण्यांचे अहवाल, क्ष-किरण चित्रांची मोठी पाकिटे, एखाद्या डॉक्टरने लिहून दिलेली चिठ्ठी आणि हे सर्व सांभाळणारा एखादा भाऊ, मुलगा किंवा जावई. ही मंडळी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे निघालेली असतात. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेव्हापासून मध्य आणि पूर्व भारतातील कर्करुग्णांच्या किती पिढ्यांनी हा लोहमार्ग तुडविला असेल, याचा हिशेब करणे कठीण आहे. आता खुद्द रायपुरातही उपचारांची सोय पुष्कळ वाढली आहे. डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयात प्रादेशिक कर्करोग केंद्र आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था २०१२ मध्ये येथे आली. नवा रायपुरात २०१८ मध्ये बाल्को मेडिकल सेंटर उघडले. तरीही मुंबईची वाट अजून ओस पडलेली नाही.

परंतु या पुस्तिकेचा विषय उपचार हा नाही. उपचारांच्या आगेमागे जो दीर्घ काळ उरतो, त्या काळात रोग्याला सोबत कोणाची, हा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. तोंडाची चव पुन्हा केव्हा येईल? किरणोपचारानंतर घसा इतका कोरडा पडतो, तेव्हा भात गिळावा कसा? नखे काळी पडली, हे बरे की वाईट? डॉक्टरांपाशी या प्रश्नांची शास्त्रीय उत्तरे असतात, परंतु ती बहुधा पुस्तकातून आणि पाहून मिळविलेली असतात. अंगावर काढून मिळविलेली नसतात. रोग्यास हवा असतो तो त्याच वाटेने दोन महिने पुढे गेलेला मनुष्य.

असा मनुष्य पूर्वीही भेटत असे. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत परळला उपचार घेणारे रोगी आणि त्यांचे नातलग उतरतात. अशा ठिकाणी ओवरीत बसल्याबसल्या जे शिक्षण होते, ते कोणत्याही माहितीपत्रकातून होत नाही. कोणी पातळ मुगाची खिचडी कशी करावी ते सांगतो, कोणी रक्ततपासणीच्या रांगेत किती वाजता उभे राहावे ते सांगतो, आणि कोणी काही न सांगता नुसता शेजारी बसतो. मात्र उपचार संपले की हा समाज मोडतो. एकजण रायपूरला, दुसरा जळगावला, तिसरा दरभंग्याला. पुन्हा भेट होण्याचा संभव नाही. खरा एकटेपणा बहुधा तेथूनच सुरू होतो.

अमेरिकेत या गरजेस १९५२ मध्ये एक व्यवस्थित रूप मिळाले. टेरेसी लासर नावाच्या बाईंचे त्या वर्षी स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रकर्म झाले. त्यानंतर त्या स्वतःच रुग्णालयांत जाऊन नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना भेटू लागल्या. डॉक्टरांना हे प्रथम फारसे रुचले नाही. पण ‘मीही याच खाटेवर होते’ या वाक्याचे सामर्थ्य औषधाच्या यादीत नसले तरी खरे असते, हे कालांतराने मान्य झाले. आपल्याकडे भारतीय कर्करोग संस्था १९५१ मध्ये मुंबईत स्थापन झाली होती. रोग्यांचे समुपदेशन आणि पुनर्वसन हेही पुढे तिच्या कार्यात आले.

तथापि प्रत्यक्ष भेटीच्या मार्गात काही भिंती आहेत, आणि त्या खुद्द रोगानेच उभारलेल्या आहेत. पहिली भिंत रक्ताची. रसायनोपचाराने कर्कपेशींबरोबर अस्थिमज्जेतील वेगाने वाढणाऱ्या निरोगी पेशीही मारल्या जातात. औषध दिल्यावर साधारण सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. या दिवसांत साधा ताप जिवावर बेतू शकतो; म्हणून गर्दी टाळण्यास सांगतात. म्हणजे मनुष्य सर्वांत खचलेला असतो नेमका तेव्हाच त्याला माणसांपासून दूर ठेवावे लागते. दुसरी भिंत विरळपणाची. मुखाचा कर्करोग आपल्या भागात दुर्मीळ नाही. छत्तीसगडात तंबाखूची गुडाखू दातांना आणि हिरड्यांना चोळण्याची सवय घरोघर होती आणि अजून पुष्कळ आहे. परंतु एखाद्यास हाडाचा किंवा स्नायूचा एखादा विरळा कर्करोग झाला, तर साऱ्या जिल्ह्यात त्याला आपला असा दुसरा रोगी सापडणार नाही. त्यातून तात्यापाऱ्यात राहणाऱ्या एखाद्या मराठी आजींना आपले दुखणे मराठीतच सांगावयाचे असेल, तर ही संख्या आणखी रोडावते. तिसरी भिंत लाजेची. जबड्याचा भाग काढला आहे, केस गेले आहेत, बोलणे अस्पष्ट झाले आहे. असा मनुष्य दारात आलेल्या शेजाऱ्यापुढेही येत नाही.

या भिंती न पाडता त्यांच्या पलीकडे जाण्याची युक्ती म्हणजे आभासी जग.

‘आभासी’ हा शब्द वापरताना अनुवादकाचा हात थोडा अडखळतो, हे येथे कबूल केले पाहिजे. आभास म्हणजे नसलेले असल्यासारखे वाटणे. दोरीवर साप दिसावा तसे. या जगातील झाडे, घरे, रस्ते खरोखरच आभास आहेत. पण त्या झाडाखाली बसून बोलणारी माणसे आभास नाहीत. दुसरा एक शब्द मात्र आपल्याला आयताच परत मिळाला. अशा जगात प्रत्येकाचे जे चित्ररूप वावरते, त्यास जगभर ‘अवतार’ म्हणतात. १९८६ च्या सुमारास अमेरिकेतील लुकासफिल्म या संस्थेने ‘हॅबिटॅट’ नावाचे एक संगणकीय जग रचले, त्यात हा संस्कृत शब्द या अर्थाने वापरण्यात आला.

अशा जगाची रचना समजण्यास कठीण नाही. दूर कोठेतरी मोठे संगणक असतात. त्यांच्या स्मृतीत भूमीचा नकाशा आणि तीवरील प्रत्येक वस्तूची जागा साठविलेली असते. २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅबने उघडलेल्या ‘सेकंड लाइफ’ या जगात भूमीचा प्रत्येक तुकडा २५६ मीटर लांब व तितकाच रुंद धरलेला आहे. मी माझ्या घरी कळ दाबली की माझा अवतार एक पाऊल पुढे गेला, ही बातमी त्या मोठ्या संगणकाकडे जाते आणि तेथून त्या तुकड्यावर असलेल्या सर्वांच्या पडद्यांवर पोहोचते. हे इतक्या वेगाने चालते की आपण एकाच अंगणात आहोत अशी सर्वांची खात्री पटते. शरीरे हजारो मैल दूर, लक्ष एका ठिकाणी.

कर्करोगाच्या संदर्भात या जगात घडलेली गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मे १९८५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील टकोमा गावचे शल्यविशारद गॉर्डी क्लॅट यांनी एका क्रीडांगणावर चोवीस तास धावून व चालून ८३ मैल, म्हणजे सुमारे १३३ किलोमीटर, पार केले आणि अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठी २७,००० डॉलर जमविले. त्यातून ‘रिले फॉर लाइफ’ ही प्रथा निघाली. कर्करोगातून वाचलेले आणि त्यांची शुश्रूषा करणारे फेऱ्या घालतात. रात्री कागदी पिशव्यांत दिवे लावून गेलेल्यांची आठवण करतात. २००५ मध्ये हीच यात्रा ‘सेकंड लाइफ’मध्ये भरली. पहिल्या वर्षी जेमतेम ५,००० डॉलर जमले. दोन वर्षांनी हा आकडा एक लाखावर गेला, आणि पुढे यात्रा वर्षानुवर्षे चालू राहिली. पैशापेक्षाही लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ज्याला अंथरुणातून उठवत नव्हते तोही या मार्गावर फेरी घालू शकत होता.

स्वरयंत्र काढलेल्या मनुष्याचे उदाहरण घ्या. शस्त्रक्रियेनंतर त्याचा श्वास गळ्यावरील छिद्रातून चालतो आणि नैसर्गिक आवाज कायमचा जातो. चौकात, दुकानात, लग्नघरी तो मुका ठरतो. ‘सेकंड लाइफ’मध्ये २००७ पर्यंत आवाजाची सोयच नव्हती, सर्वजण टंकून बोलत. तेथे त्याचे बोलणे इतरांच्या बोलण्याइतकेच भरधाव आणि धडधाकट होते. यंत्राची उणीव एखाद्यास वरदान कशी ठरते, याचा हा नमुना होय.

आता शास्त्राचा निकाल पाहू. कारण सोबत गोड असते एवढ्यावर भागत नाही. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. शरीरभर पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ८६ स्त्रियांपैकी ज्यांना दर आठवड्यास गटात बसविले, त्या इतरांपेक्षा सरासरीने सुमारे दीड वर्ष अधिक जगल्या असे त्यात दिसले. साऱ्या जगात आशा पसरली. मग २००१ मध्ये कॅनडातील पामेला गुडविन यांनी २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग अधिक मोठ्या प्रमाणावर केला, आणि आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. मात्र मनाची उदासी आणि वेदनेची जाणीव कमी झाली, विशेषतः ज्या आरंभी अधिक खचलेल्या होत्या त्यांच्यात. पहिला निकाल चुकला म्हणून स्पीगेल यांना दोष देण्याचे कारण नाही; शास्त्र असेच चालते. परंतु गटात सामील व्हा, म्हणजे रोग हटेल, असे कोणी सांगू लागला तर हे दोन अभ्यास त्याच्यापुढे ठेवावेत.

हे झाले समोरासमोरच्या गटांविषयी. आंतरजालावरील गटांचा पुरावा याहून तोकडा आहे. २००३ मध्ये ७२ स्त्रियांवर केलेल्या अमेरिकी प्रयोगात बारा आठवड्यांच्या गटामुळे खिन्नता आणि ताण घटल्याचे दिसले. उलट २०१७ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या समीक्षकांनी स्तनकर्करोगासंबंधीचे असे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मोजके सहाच हाती लागले आणि त्यांवरून ठाम निष्कर्ष काढता येईना.

एका बाबतीत मात्र आभासी जगाने औषधालाच हात दिला. ‘री-मिशन’ या २००६ मध्ये निघालेल्या संगणकीय खेळात एक चिमुकली यंत्रकन्या रोग्याच्या शरीरात शिरून कर्कपेशींवर मारा करते. १३ ते २९ वयाच्या ३७५ रोग्यांवर, ३४ रुग्णालयांत याची परीक्षा झाली. तिचा वृत्तान्त २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी हा खेळ खेळला त्यांनी घरी घ्यावयाच्या गोळ्या साधा खेळ खेळणाऱ्यांपेक्षा अधिक नियमाने घेतल्या. तरुण वयात बरे वाटू लागताच गोळ्या चुकविण्याकडे कल असतो, आणि रक्ताच्या कर्करोगात ही चूक महाग पडते. म्हणून या निकालाचे मोल मोठे आहे.

धोकेही सांगितले पाहिजेत. जेथे चेहरा दिसत नाही तेथे खोटा रोगीही येऊ शकतो. सहानुभूती मिळविण्यासाठी आजाराची सोंगे करणाऱ्या अशा लोकांचे वर्णन मानसरोगतज्ज्ञ मार्क फेल्डमन यांनी २००० मध्ये केले. सोंग उघडकीस आले की साऱ्या गटाचा विश्वास ढासळतो. याहून वाईट म्हणजे चमत्कारिक औषधे विकणारे. एखाद्या मुळीने गाठ विरघळली अशी वार्ता एका पडद्यावरून शंभर पडद्यांवर जाण्यास क्षणही लागत नाही, आणि तेवढ्यासाठी शस्त्रक्रियेची तारीख सोडणारे लोक आपल्याच गल्लीत असतात. ज्या गटावर एखाद्या जाणत्या परिचारिकेची किंवा डॉक्टराची नजर आहे, तोच निवडावा.

असो. रायपुरातील किंवा महासमुंदच्या खेड्यातील रोग्यापाशी ‘सेकंड लाइफ’ चालविण्याजोगा संगणक क्वचितच असतो. त्याचे आभासी जग म्हणजे मोबाईलवरील गट. त्यात अवतार नाहीत, बाग नाही, असला तर एक छोटा गोल फोटो. पंडितांना त्यास आभासी जग म्हणणे कदाचित पटणार नाही. मला मात्र दोहोंतील भेद सजावटीचा वाटतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि प्रवासी गाड्या थांबल्या, तेव्हा मुंबईची वाट एकाएकी बंद झाली. त्याच महिन्याच्या २५ तारखेस दूरवैद्यकाची नियमावली जाहीर होऊन पडद्यावरून वैद्यकीय सल्ला देण्यास निश्चित चौकट मिळाली. रोग्यांच्या बैठकाही ठिकठिकाणी पडद्यावर गेल्या, आणि पुष्कळांना त्या तेथेच सोयीच्या वाटू लागल्या. मन फारच खचले तर शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. पण ती समुपदेशकाची सेवा होय, सहप्रवाशाची नव्हे.

रसायनोपचाराबरोबर उलट्या व ॲलर्जी टाळण्यासाठी पुष्कळदा डेक्सामेथासोन हे औषध देतात. त्याने झोप उडते. घरातील सर्वजण दिवसभराच्या धावपळीने गाढ झोपलेले, आणि रोगी जागा. रायपुरात रात्रीचे अडीच वाजलेले असतात, तेव्हा उन्हाळ्याच्या दिवसांत न्यूजर्सीत आदल्या दिवशीच्या सायंकाळचे पाच वाजलेले असतात. तेथे मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. समजा, त्यांतील एक बाई, दोन वर्षांपूर्वी याच उपचारातून गेलेली, कामावरून परतून चहा ठेवते आणि मोबाईल उघडते. गटात कोणीतरी नुकतेच लिहिले आहे : ‘बोटांना मुंग्या येतात. असे होते का?’ ती चहा तसाच ठेवून लिहू लागते : ‘हो, मलाही तिसऱ्या वेळेनंतर असेच झाले होते. उद्या डॉक्टरांना नक्की सांगा. आता जाग्याच आहात ना, मग बोलू या.’