नाच डोळ्यांनी पाहतो, पण कानांनीही!

लावणीच्या कार्यक्रमात शेजारी-शेजारी बसलेली दोन माणसे. एकाच्या अंगावर शहारे येतात, दुसरा जांभया देतो. नाच तोच, मग असे का? याचे उत्तर काही सवयीत आहे, काही कानात.

आधी सवयीचे पाहू. २००५ साली लंडनमधील संशोधकांनी बॅले नर्तक, ब्राझीलची कापोइरा शिकलेले लोक आणि यातले काहीच न शिकलेले लोक यांना दोन्ही प्रकारांच्या चित्रफिती दाखवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन केले. जो जे शिकला होता, ते पाहताना त्याच्या मेंदूतील हालचालींशी संबंधित भाग अधिक जागे झाले. माणूस निश्चल पडलेला, पण मेंदू जणू मनातल्या मनात नाचत होता! २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात संगीताविना बॅले दाखवून त्वचेवरील घामातला सूक्ष्म बदल मोजला. आनंदी आणि दुःखी हालचालींतला फरक नर्तकांच्या त्वचेने ओळखला, इतरांच्या नाही.

मग आपल्यासारख्या न शिकलेल्यांचे काय? आपले बोट संगीत धरते. टीव्हीवर नाच लागला की आवाज बंद करून पाहा. पाय तेच, हात तेच, पण रंग उडालेला.

आता हे आरोग्याच्या सदरात कशासाठी? माझ्याकडे सत्तरीचे एक आजोबा येतात. जत्रेतला तमाशा कधी न चुकवणारे, पण हल्ली अर्ध्यातून उठून घरी येऊ लागले. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, बाबांचे मन कशातच लागत नाही, एखादी गोळी द्या." भूक, झोप व्यवस्थित होती. कान तपासून घेतले, तर ऐकू कमी येत होते. वयोमानाने बहुधा बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. घुंगरू हरवले, मग नाचात उरले काय? कानाचे यंत्र बसवले आणि पुढच्या जत्रेत आजोबा शेवटपर्यंत बसले.

तेव्हा घरातील वडीलधारे गाण्या-नाचातून उठून जाऊ लागले, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका. आधी कानात मळ आहे का ते डॉक्टरांकडून पाहून घ्या, मग श्रवणचाचणी करा. मात्र जेवण, झोप, बोलणेही कमी झाले असेल, तर ते नैराश्य असू शकते. त्यालाही उपचार आहेत. उशीर करू नका.